विलासरावांचं अपग्रेड

‘साहेब कुठे गेलेत?’

माझ्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न हाच. मी काउंटरमागे बसलेली, हातात स्क्रूड्रायव्हर, समोर पोट फाडून ठेवलेला कॉम्प्युटर, आणि तरी यांना साहेब हवेत! सुरुवातीला मी समजावून सांगायचे, की दुकान माझं आहे आणि इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमाही माझाच आहे. मग कंटाळा आला. ‘साहेब बँकेत गेलेत. चेक वटवायचा असेल तर तिकडे जा, कॉम्प्युटर दुरुस्त करायचा असेल तर इथे बसा,’ असं म्हणायला लागले. नवरा खरंच बँकेत होता, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागलं नाही.

नव्वदच्या दशकात नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळच्या एका गाळ्यात मी हे दुकान टाकलं. आम्ही कॉम्प्युटर जोडून विकायचो. म्हणजे पेटी एकीकडची, मदरबोर्ड दुसरीकडचा, हार्ड डिस्क तिसरीकडची, सगळं मुंबईहून बसने यायचं आणि मी ते बसून जोडायचे. कंपनीचा तयार कॉम्प्युटर परवडत नसे ते माझ्याकडे येत. पुढे लोक येऊन ‘मोबाइलचं कव्हर आहे का?’ विचारायला लागले, तेव्हा मी शटर ओढलं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

नवा कॉम्प्युटर विकण्यात मला कधीच फार मजा आली नाही. नवं काय, कोणीही विकतं. मला आवडायचं ते अपग्रेड. जुनं मशीन घेऊन माणूस यायचा, तोंड उतरलेलं असायचं, म्हणायचा, ‘मॅडम, फार स्लो झालंय, नवीन घ्यावं लागेल का?’ मग मी विचारायचे, ‘यावर तुम्ही करता काय?’ हा प्रश्न कोणाला आवडायचा नाही. बहुतेकांना शेजाऱ्याने घेतलाय त्याच्यापेक्षा वरचा नंबर हवा असायचा, बस.

एक शाळेतले सर होते. त्यांच्या मिसेसनी कॉम्प्युटरला झालरीचं सुंदर कव्हर शिवलं होतं आणि धूळ बसू नये म्हणून ते चालू मशीनवरही घातलेलं असायचं. बिचारं मशीन आत घामाघूम होऊन बंद पडायचं. सर प्रोसेसर बदलायला आले होते. मी कव्हर काढून त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘हे मिसेसना द्या, उशीला घालतील.’ झालं अपग्रेड! वर्षभर माझ्याशी बोलत नव्हते, पण मशीन चाललं.

तर, स्वस्तात अपग्रेड करायचं म्हणजे काय बदलायचं, हे मी लोकांना कसं सांगायचे ते ऐका. स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. हार्ड डिस्क म्हणजे मांडणी, सगळे डबे तिथे. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारीचा हात. आणि रॅम म्हणजे ओटा. ओटा वीतभर असेल तर हात कितीही चपळ असो, परात ठेवायची म्हटली की पोळपाट उचलून खाली ठेवावा लागतो. आणि फोटोचं काम म्हणजे पंगतीचा स्वयंपाक. तेव्हा आधी ओटा वाढवा, मग मांडणी, हाताचं शेवटी बघू. पुरुषमंडळी यावर गोंधळून बघत राहायची. बरोबर बायको आलेली असली तर ती लगेच म्हणायची, ‘अहो, बरोबर बोलतायत त्या.’

दोन हजार सालानंतर फोटो स्टुडिओवाले माझ्याकडे यायला लागले. फिल्मचा जमाना आटपत आला होता, डिजिटल कॅमेरे आले होते, आणि लग्नाचे अल्बम कॉम्प्युटरवर बनायला लागले होते. एका पानावर नवरा-नवरी बदामात, मागे धबधबा, कोपऱ्यात हंस! ज्यांनी उभा जन्म अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यात घालवला, ते वयाच्या चाळिशीत माउस धरायला शिकत होते. माउस असा धरायचे, की जणू चावेल. मला त्यांची फार दया यायची. पण दया दाखवली की माणूस आणखी घाबरतो, म्हणून मी त्यांच्यावर ओरडायचे.

त्यांच्यातलेच एक विलासराव.

पंचवटीत पेठ नाक्याच्या अलीकडे त्यांचा स्टुडिओ होता, मागे दोन खोल्यांचं घर. मूळ गाव गिरणारे, घरी टोमॅटोची शेती. स्वभावाने इतका गरीब माणूस, की दुकानात गर्दी असली तर बाहेरच उभा राहायचा. काळ्या-पांढऱ्या फोटोत मात्र त्यांचा हात धरणारा नाशकात कोणी नव्हता. माझ्या सासूबाईंचा त्यांनी काढलेला फोटो आमच्या घरात आहे. सासूबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती त्यात आहे, आणि तरी त्या देखण्या दिसतात. प्रत्यक्षात त्या इतक्या प्रेमळ कधीच नव्हत्या.

शेती सोडून या धंद्यात कसे आलात, असं मी एकदा त्यांना विचारलं. हसायला लागले.

‘शेतात मी बिनकामाचा हो मॅडम. तोडणीला लावलं की कच्चे टोमॅटो तोडायचो आणि पिकलेले झाडावर ठेवायचो. तात्या, म्हणजे माझे वडील, जाम मारायचे. कामचोर आहे, मुद्दाम करतो, म्हणायचे. एकदा आख्खे क्रेट बाजारातून परत आले माझ्यामुळं. त्या दिवशी गड्यांसमोर असं मारलं मला! मग मामाने एका स्टुडिओत चिकटवून दिलं.’

‘लक्ष नसायचं तुमचं,’ मी म्हटलं.

‘नसंल,’ ते म्हणाले.

आम्ही दोघंही हसलो. हसण्यासारखंच वाटलं होतं तेव्हा.

पहिला कॉम्प्युटर त्यांनी माझ्याकडूनच घेतला. घरी नेऊन जोडला आणि तासाभरात फोन. ‘मॅडम, गाणी ऐकू येत नाहीत.’ यांना गाण्यांशिवाय कामच सुचत नाही. आता ज्यांनी कॉम्प्युटरची मागची बाजू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तिथे वायरी खुपसायला छोटी छोटी भोकं असतात आणि चुकू नये म्हणून ती रंगवलेली असतात. स्पीकर हिरव्यात जातो, माइक गुलाबीत. लहान मूलही लावेल.

‘स्पीकरची पिन हिरव्यात लावा,’ मी सांगितलं.

‘लावली.’

‘येतोय आवाज?’

‘नाही.’

शेवटी मी स्वतः गेले. पिन गुलाबीत! ‘अहो विलासराव, डोळे आहेत की बटणं?’ मी म्हटलं. ते ओशाळले. मी पिन हिरव्यात लावली ती वाकून नीट पाहिली आणि म्हणाले, ‘मधलं ना? मधलं. लक्षात ठेवतो.’

पुढे ते मशीन पुरेना. लग्नाचा मोठा फोटो उघडला की घड्याळ फिरत बसायचं. विलासराव नवं, पेंटियम फोर प्रोसेसरचं मशीन घ्यायला आले. मी म्हटलं, गप्प बसा, ओटा वाढवू. रॅम टाकली, एक जास्तीची हार्ड डिस्क बसवली. मशीन पळायला लागलं. मी खूश, ते खूश.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या.

त्यांच्या फोटोंचे रंग बिघडायला लागले. रंगीत फिल्म होती तोवर रंगांचं सगळं ती धुऊन छापणारा लॅबवाला बघायचा. हे फक्त फोटो काढायचे, उजेड सांभाळायचे. आता रंग यांनी कॉम्प्युटरवर ठरवायचे आणि लॅबने नुसते छापायचे. छापून आले की एका फोटोत नवरी हिरवट, दुसऱ्यात लालभडक. एका गिऱ्हाइकाने तर भर स्टुडिओत विचारलं, ‘आमच्या पोरीला काय कावीळ झाली होती का?’

त्यांनी लॅब बदलली. मग आणखी एक बदलली. मग माझ्याकडे येऊन बसले.

‘मॅडम, सगळंच बदलून टाका. मॉनिटर, कार्ड, जे लागेल ते.’

‘पैसे झाडाला लागलेत का?’

तेव्हा त्यांनी सांगितलं. निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलीच्या लग्नाचे फोटो त्यांनी काढले होते. आजवरचं सगळ्यात मोठं काम. अल्बम गेला आणि परत आला. मुलीच्या आईने शिव्या नाही दिल्या, नुसती रडली म्हणे, की माझी लेक यात माझ्या लेकीसारखी दिसत नाही. मुलीचा पहिला दिवाळसण होता. जावई येणार, व्याही येणार, सगळे अल्बम बघणार. तोवर नीट करून द्या, नाहीतर राहू द्या, असा निरोप होता. तो अल्बम फसला असता तर त्या भागातलं पुढचं एकही लग्न यांना मिळालं नसतं.

‘तात्यांना कळलं,’ विलासराव म्हणाले. ‘ते म्हणाले, गाळा भाड्याने दे आणि ये परत. तोडायचं तुला जमत नाही, क्रेट तरी उचलशील.’

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. काउंटरवरचा एक स्क्रू बोटाने इकडून तिकडे फिरवत होते. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण त्या क्षणी मला त्यांच्यात ते गड्यांसमोर मार खाल्लेलं पोर दिसलं. माझा जीव कळवळला. आणि म्हणून मी ओरडले.

‘काही एक बदलायचं नाही. उद्या सकाळी मी येते. दोष कुठे आहे ते कळल्याशिवाय पार्ट विकत घेणारा माणूस मूर्ख असतो!’

आमच्या धंद्यात दोष शोधायची पद्धत अगदी साधी आहे. ज्याची खात्री आहे असा चांगला पार्ट लावून बघायचा. लावल्यावर चाललं, तर काढलेला पार्ट खराब. नाही चाललं, तर पुढचा बदलायचा. एकेक करत जायचं. म्हणून मी दुकानातलं माझं स्वतःचं मशीन आणि माझा स्वतःचा मॉनिटर रिक्षात घातला आणि पंचवटी गाठली. त्या मॉनिटरचे रंग मी जिवापाड सांभाळले होते.

विलासरावांची बायको सुनंदा दारातच होती. मखमलाबादची पोर, माहेरी फुलांचे मळे. सकाळी फुलबाजारात जाऊन हारवाल्यांना माल द्यायची आणि मग घरचं बघायची. बोलायला फटकळ. माझं तिच्याशी लगेच जमलं.

‘ताई, एकदाचं काय ते करा,’ ती म्हणाली. ‘रात्रंदिवस त्या डबड्यासमोर बसतात. जेवणावर लक्ष नाही.’

माझं मशीन मांडलं. मी मॉनिटर जोडत होते. विलासरावांना म्हटलं, तुमचे स्पीकर लावा म्हणजे हात चालेल. त्यांनी लावले. आवाज नाही. वाकून बघते तर पिन पुन्हा गुलाबीत!

‘विलासराव, अहो किती वेळा सांगू?’

‘मधलंच तर आहे मॅडम,’ ते म्हणाले.

ते खरं होतं. माझ्या मशीनचा क्रम वेगळा होता, मधलं गुलाबी होतं. मी पिन बदलून दिली आणि कपाळावर हात मारला. तेवढ्यावर ते राहिलं.

त्यांनी निफाडच्या मुलीचा फोटो उघडला. सावळी, तरतरीत पोर. डोळ्यांत हसू. विलासराव कामाला लागले, आणि उजेडाचं काम तर असं केलं की मी बघत राहिले. नाकाच्या कडेची सावली हलकी केली, नथीतल्या मोत्यावर चमक आणली. मग रंगांकडे वळले. माउसने रंगाची पट्टी थोडी इकडे, थोडी तिकडे. बराच वेळ लागला. शेवटी खुर्ची मागे सरकवून म्हणाले, ‘आता कशी वाटते?’

मुलीचा चेहरा हिरवट झाला होता.

मला वाटलं थट्टा करतायत. पण विलासरावांना थट्टा येत नाही. ते आशेने माझ्याकडे बघत होते. मागून सुनंदा म्हणाली, ‘अहो, हिरवीगार केलीत की तिला! मी म्हणते ना ताई, की फोटो हिरवे येतात. तर म्हणतात, लॅबवाल्याची चूक.’

मी उभी राहिले आणि मनातल्या मनात हिशेब लावला. मशीन बदललं. मॉनिटर बदलला. लॅब त्यांनीच दोनदा बदलली. मॉनिटर खराब असता तर सगळे फोटो एकाच रंगाकडे झुकले असते. यांचा एक हिरवा यायचा आणि एक लाल. सगळं बदलून झालं होतं. बदलायचा राहिला होता फक्त खुर्चीतला माणूस.

आणि मग ती पिन आठवली. ते मधलं.

‘विलासराव,’ मी म्हटलं, या वेळी न ओरडता, ‘जरा मागे या. या भोकांमधलं हिरवं कोणतं आहे, मला बोट लावून दाखवा.’

ते वाकले. बराच वेळ वाकून होते.

‘एक निळं आहे,’ ते म्हणाले. ‘बाकीची दोन्ही मळकटच आहेत की. त्यात हिरवं कोणतं म्हणायचं?’

सुनंदा हसली. मग तिचं हसणं थांबलं. ती पदराला हात पुसत पुढे आली, स्वतः वाकून बघितलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

‘अहो, एक हिरवं आहे न् एक गुलाबी. डोळ्यांसमोर आहे.’

स्पीकरवर गाणं चालू होतं ते मी बंद केलं. विलासराव खाली जमिनीवरच बसले, आणि बसल्या बसल्या त्यांना एकेक आठवत गेलं असावं, कारण थोड्या वेळाने ते माझ्याशी नाही, सुनंदाशी नाही, असंच कुठेतरी बघत म्हणाले:

‘टोमॅटो.’

आम्ही हसलो होतो त्यावर!

त्याच दिवशी मी त्यांना ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्याकडे ठिपक्या-ठिपक्यांची चित्रं असतात, ठिपक्यांत आकडे लपलेले. मला आणि सुनंदाला आकडे दिसत होते. विलासरावांना नुसते ठिपके. डॉक्टर सहज म्हणाले, की लाल-हिरव्यातला फरक न दिसणं हे जन्मतःच असतं, बहुतेक आईच्या घराण्याकडून येतं, यावर औषध नाही आणि त्याने तसं काही बिघडतही नाही. काही बिघडत नाही!

बाहेर आल्यावर विलासराव म्हणाले, ‘आटपलं मॅडम. फोटोवाल्याला रंग दिसत नाहीत म्हटल्यावर धंदा करायचा कसा? तात्यांचं बरोबर आहे. क्रेटच उचलतो.’

‘आणि ही कशाला आहे?’ मी सुनंदाकडे बोट दाखवलं. ‘शेवंतीच्या ढिगातून शिळं फूल ही लांबून ओळखते. हिला खुर्चीत बसवा.’

‘बायकोच्या डोळ्यांनी धंदा करू?’

हे ते चिडून नाही, घाबरून म्हणाले. पण सुनंदाला लागलं.

‘मग बायकोच्या हातचं खाता ते?’ ती म्हणाली. ‘आता बायकोच्या डोळ्यांनी बघितलं तर काय आभाळ कोसळणार आहे?’

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण रस्ता होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या आल्या. सुनंदाने जन्मात माउस धरला नव्हता, म्हणून तो विलासरावांच्याच हातात. ती शेजारी बसून सांगायची. ‘आणखी थोडं. थांबा. जास्त झालं, मागे घ्या. अहो, ही कच्ची दिसतेय अजून.’ तिने तो कच्ची शब्द सहज वापरला आणि जीभ चावली. विलासराव हसायला लागले, तेव्हा मला वाटलं, निभावेल हे. मी रोज दुकान बंद करून जाताना तिकडे चक्कर मारायचे. काही काम नसायचं माझं. नुसतं बघायला.

एकदा तिने मला विचारलं, ‘ताई, या मुलीला गोरी करायची का? सगळे गोरीच करून मागतात.’ मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती फोटोकडे बघत राहिली. ‘आहे तशीच छान आहे,’ म्हणाली. आणि तिने तो सावळा रंग असा धरला, त्यात हळदीची झाक अशी ठेवली, की पोर पडद्यातून आता बोलेल असं वाटलं.

दिवाळसणाच्या आधी विलासराव स्वतः निफाडला अल्बम घेऊन गेले. परतताना सरळ माझ्या दुकानात आले, आणि पहिल्यांदाच गर्दीतून आत घुसले. मुलीच्या आईने पानावर हात फिरवला म्हणे आणि म्हणाली, ‘हां. ही आमची पोर.’ आणि धाकट्या मुलीचं लग्न तुलसीविवाहानंतर आहे, तेही तुम्हीच करा, असं सांगून चहा पाजला. मी म्हटलं, ‘बघा, कसं स्वस्तात अपग्रेड करून दिलं!’

माझ्या लेखी काम संपलं होतं.

दिवाळी झाली. एका दुपारी धोतर-टोपीतले एक वयस्क गृहस्थ दुकानाच्या पायरीशी आले. हातात टोमॅटोने भरलेली कापडी पिशवी. वहाणा बाहेर काढल्या आणि आत येऊन सरळ मला विचारलं, ‘तुमीच का त्या कॉम्प्युटरवाल्या बाई?’

साहेब कुठे गेलेत, हे न विचारणारा माणूस! मी स्टूल पुढे केलं. ते बसले नाहीत.

‘मी इलासचा बाप. गिरणाऱ्याहून आलो. सूनबाई दिवाळीला आली तवा बोलली, त्याला लाल न् हिरवं येगळं दिसत नाय म्हनून. खरं हाय का?’

‘खरं आहे तात्या. जन्मापासूनचं आहे. डॉक्टर म्हणाले, आईच्या घराण्याकडून येतं.’

तात्या विचारात पडले. ‘त्याचा मामा बी मिरच्या तोडाया लावला की असाच घोळ घालायचा,’ ते म्हणाले. ‘आमी त्याला येडा म्हनत आलो.’ मग पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. ‘मी लय मारलं बाई त्याला. भर वावरात. गड्यांम्होरं. आन् तो एकदा बी बोल्ला नाय, की तात्या, मला दिसत नाय.’

‘त्यांना माहीतच नव्हतं, तात्या. आपल्याला जे दिसतं तेच सगळ्यांना दिसतं, असंच वाटतं ना माणसाला.’

त्यांनी मान हलवली. मग दुकानात सगळीकडे नजर फिरवली, उघडी पडलेली मशिनं, फळीवरचे खोके.

‘तुमी जुन्या मशिनीला काय काय बसवून देता म्हनं,’ ते म्हणाले. ‘त्याच्या डोळ्याला काय बसवता यायचं का? काय लागंल ते मी देतो.’

इतकी वर्षं मी त्या काउंटरमागे बसले. लोकांनी माझ्याकडे काय काय मागितलं. पण असं कोणी मागितलं नव्हतं. मला रडूच आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

‘नाही हो तात्या,’ मी म्हटलं. ‘ते माझ्याकडे मिळत नाही. कुठेच मिळत नाही.’

‘बरं,’ ते म्हणाले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. ‘मग चला माझ्यासंगं. मला एकट्याला जाया व्हायचं नाय तिथं.’

इतक्या वर्षांत हा माणूस मुलाच्या स्टुडिओची पायरी चढला नव्हता. मी शटर अर्धं ओढलं, रिक्षा केली. वाटेत पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा दोघं दोन खुर्च्यांवर बसून काम करत होते. वडिलांना बघताच विलासराव ताडकन उठले. हात पाठीमागे गेले. तात्यांनी पिशवी सुनंदाकडे दिली, भिंतीवरचे काळे-पांढरे फोटो एकेक करून पाहिले, आणि फोटोसाठी टांगलेल्या कापडी पडद्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसले.

‘माझा फोटो काढ,’ म्हणाले.

विलासरावांनी गडबडीने डिजिटल कॅमेरा उचलला. सुनंदा कॉम्प्युटरकडे वळली.

‘सूनबाई, तू ऱ्हाऊ दे,’ तात्या म्हणाले. ‘रंग नको. त्याला जसं दिसतं, तसाच काढू दे मला.’

विलासरावांना सगळं जग काळं-पांढरं दिसत नाही, फक्त लाल-हिरव्याचा घोळ होतो, हे मला सांगता आलं असतं. मी गप्प बसले. विलासरावांनी डिजिटल कॅमेरा खाली ठेवला, कपाटातून जुना कॅमेरा काढला, आणि घरात जाऊन फ्रीजमध्ये जपून ठेवलेला काळ्या-पांढऱ्याचा एक रोल घेऊन आले. दिवा हलवला. पुन्हा हलवला. वडिलांच्या चेहऱ्यावर उजेड कसा पडतोय ते वाकून, सरकून, बसून पाहिलं.

‘तात्या, टोपी जरा मागे. हनुवटी वर.’

तात्यांनी टोपी मागे सरकवली. हनुवटी वर केली. मुलाने सांगितलं तसं, तेवढंच.

विलासरावांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि लावूनच ठेवला. बटण काही दाबेनात. खांदे हलायला लागले तरी त्यांनी कॅमेरा तोंडावरून काढला नाही. सुनंदा पुढे व्हायला निघाली, मी तिचा हात धरला.

‘घे निवांत,’ स्टुलावरून तात्या म्हणाले. ‘तुझं होईस्तोवर मी हलायचो नाय.’